वर्षअखेरची वही: फोटो, कागद आणि माणसांचे आवाज जपण्याची पद्धत

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन आपणहून एक व्हिडिओ तयार करून देतो. वर्षभरातले तीसेक फोटो एकामागून एक सरकतात आणि खाली एक गाणं वाजत राहतं. शेजारच्या घरातल्या व्हिडिओलाही तेच गाणं असतं. बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात म्हटलेलं ‘कुर्रर्र’ त्या गाण्याखाली गाडलं जातं. पुढे फोन बदलताना मूळ क्लिप गेली, की घरात उरतो तो एवढाच दबलेला तुकडा.

वर्ष नीट जपायचं तर तीन गोष्टी हाती याव्यात: 40 पानांची एक वही, निवडलेल्या 60 फोटोंचं एक फोल्डर आणि माणसांच्या आवाजाची निदान पाच रेकॉर्डिंग्ज. चार संध्याकाळी आणि एक रविवार एवढा वेळ पुरतो. नाताळच्या सुट्टीत सुरुवात केली तर संक्रांतीच्या आत काम हातावेगळं होतं. त्यापेक्षा लांबवू नका. फेब्रुवारी उजाडला की फोटोतल्या पाहुण्यांची नावं आणि तिकिटावरच्या गावाचा संदर्भ डोक्यातून निसटायला लागतो.

काय काय आणायचं

ए-4 आकाराची, स्पायरल बांधणीची स्केचबुक घ्या. कागद 150 जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून जाड हवा. शाळेच्या वहीचा कागद फोटोचं वजन पेलत नाही, तो वाकतो आणि फोटोही वाकवतो. शिवलेली किंवा चिकटवलेली बांधणी टाळा, फोटो लावल्यावर वही फुगते आणि पाठ उसवते. स्पायरल वहीसुद्धा फुगतेच. म्हणून दर चार पानांमागे एक पान कण्यापासून 2 सेंमी सोडून कापून टाका. उरलेली पट्टी पानांमध्ये जागा राखते. 40 वापरायची पानं हवी असतील तर वही 50 पानांची घ्या. इथे पान म्हणजे अख्खा कागद. लावायचं ते एकाच बाजूला, मागची बाजू कोरी ठेवायची.

बाकी सामान थोडकंच आहे: कोपरे करायला साधे पांढरे ए-4 कागद 3, ग्लू स्टिक 2, पिगमेंट शाईचं 0.5 मिमी टोकाचं काळं पेन 1, स्टीलची पट्टी, कटर, आणि पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं 5 ते 6. पाकीट विकत घेताना वास घेऊन बघा. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पीव्हीसी समजा आणि परत ठेवा. पीव्हीसीतून मऊपणा देणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि छापलेला मजकूर त्याला चिकटतो.

चिकट पानांचे तयार अल्बम मात्र घेऊच नका. पानावर गोंदाच्या रेघा आणि वर प्लॅस्टिकचा पडदा असतो ते. आई-वडिलांच्या लग्नाचे किंवा बारशाचे फोटो असल्या अल्बममध्ये असतील तर पडदा ओढून पाहा, फोटो पानासकट फाटायला येतो. असा फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक, मेण न लावलेला फ्लॉसचा दोरा फोटो आणि पान यांच्यामधून करवतीसारखा हलवत न्या. तसाही सुटला नाही तर आहे त्या जागीच, पडदा उचलून, चांगला फोटो काढून घ्या.

पायरी 1: साठच फोटो

महिन्याला 5, वर्षाला 60. एवढी मर्यादा पाळली तर काम संपतं, नाही तर चार हजार फोटो पाहण्यातच सुट्टी जाते. जानेवारीपासून क्रमाने या. लग्नाच्या महिन्यात 8 आणि पावसाळ्यातल्या एखाद्या महिन्यात 2 झाले तरी चालतील.

निवडताना सणाचा पोशाखी फोटो एक पुरे. उरलेली जागा रोजच्या गोष्टींना द्या: ओट्यावरची मांडणी, दारातल्या चपला, बाबांची स्कूटर, मुलाचं दप्तर, गॅलरीतलं वाळत घातलेलं. दहा वर्षांनी माणसं फोटोतल्या चेहऱ्यांइतकीच मागची भिंत, कॅलेंडर आणि फ्रिज पाहतात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली तारखेची. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख निघून गेलेली असते. अँड्रॉइड फोनवर अशा फोटोचं नाव आयएमजी, मग आठ आकडी तारीख, मग डब्ल्यूए असं असतं, पण ती तारीख फोटो फोनवर आल्याची असते, काढल्याची नसते. मामाने डिसेंबरमध्ये पाठवलेला मे महिन्यातल्या मुंजीचा फोटो त्यामुळे डिसेंबरमध्ये जाऊन बसतो. ज्याने काढला त्याला विचारूनच तारीख ठरवा.

दुसरी चूक दर्जाची. व्हॉट्सअॅप नेहमीच्या पद्धतीत फोटो लहान करून पाठवतं, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. 4 बाय 6 इंची प्रिंटला तो चालतो, त्याहून मोठ्या प्रिंटला फुटतो. नातेवाइकांना मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आकार आणि तारीख दोन्ही शाबूत राहतात.

निवडलेल्या फाइलचं नाव असं द्या: 2025-05-11_सातारा_मुंज_01. वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आणि महिना दोन आकडी. असं केलं की संगणक फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लावतो. ‘11 मे’ असं लिहिलं तर 11 डिसेंबर त्याच्या शेजारी येतो.

पायरी 2: प्रिंट

4 बाय 6 इंच हा आकार सगळीकडे मिळतो आणि वहीत नीट बसतो. त्यासाठी फोटो 1200 बाय 1800 पिक्सेल असेल तर उत्तम. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात असतात, गल्लीतल्या स्टुडिओच्या मशीनवर ते बऱ्याचदा उघडत नाहीत, म्हणून जेपीजी करून न्या.

आता डोकी कापली जाण्याबद्दल. फोनचा फोटो 4 बाय 3 या प्रमाणात असतो, प्रिंट मात्र 6 बाय 4. आडवा फोटो 6 इंच रुंद छापला तर उंची साडेचार इंच होते, कागद चारच इंचाचा असतो. अर्धा इंच कुठून तरी जाणारच, आणि मशीन तो वरून-खालून सारखा कापतं. समूहाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या उंच काकांचं डोकं जातं ते यामुळे. काउंटरवर ‘पूर्ण फोटो बसवा, पांढरी कड आली तरी चालेल’ असं स्पष्ट सांगा. किंवा घरीच 3 बाय 2 प्रमाणात कापून न्या, म्हणजे काय कापायचं ते तुम्ही ठरवाल.

कागद मॅट मागा. ग्लॉसी प्रिंट दिसायला झळझळीत असते, पण बोटांचे ठसे धरते आणि दमट हवेत समोरच्या प्रिंटला किंवा प्लॅस्टिकला चिकटते. घरच्या इंकजेटवर साध्या कागदावर काढलेली प्रिंट वहीत लावू नका, ओल्या हाताने रंग पसरतो आणि उजेडात लवकर उडतो.

पायरी 3: कागद

लग्नपत्रिका, सिनेमाचं तिकीट, शाळेचं स्नेहसंमेलनाचं पत्रक, पहिल्या पगाराची पावती, देवस्थानाची अभिषेकाची चिठ्ठी. यांना 8 पानं राखून ठेवा.

एसटीचं मशीनमधून निघालेलं तिकीट, हॉटेलचं बिल, एटीएमची पावती हे बहुतेक थर्मल कागद असतात. त्यावर शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. ओळखायचं कसं? कोपऱ्यावर नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर थर्मल. असा कागद उन्हाने, प्लॅस्टिकने, कित्येकदा गोंदानेही पुसट होतो, आणि लॅमिनेशन करायला दिला तर तापून अख्खा काळा होतो. मिळेल त्याच आठवड्यात त्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्सची पूड कागदावर भाजून बसलेली असते, ती टिकते. वहीत झेरॉक्स लावा.

वर्तमानपत्राच्या कात्रणाचंही तसंच. स्वस्त लगद्याच्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं, ते उजेडाने पिवळं पडतं, आणि कात्रणातलं आम्ल शेजारच्या पानालाही डाग देतं. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा, मूळ कात्रण ठेवायचंच असेल तर वेगळ्या पाकिटात. अंगारा, कुंकू, सुकलेली फुलं वहीत ठेवू नका. फुलं ओल धरतात आणि कीड आणतात. त्यांचा फोटो लावा.

आधार कार्डाची प्रत, बँकेचा पूर्ण क्रमांक, रुग्णालयाचे अहवाल हे वहीत नको. ही वही पाहुण्यांच्या हातात जाणार असते.

पायरी 4: कोपऱ्यांनी लावणं

फोटोला थेट डिंक लावायचा नाही. पांढऱ्या पातळ डिंकातल्या पाण्याने पान सुरकुततं. सेलोटेप काही वर्षांत पिवळा पडतो, त्याचा गोंद पाझरतो आणि त्यावर धूळ बसते. कागदी कोपऱ्यांनी लावलेला फोटो मात्र कधीही काढून पुन्हा स्कॅन करता येतो, मागचं लिहिलेलं वाचता येतं.

कोपरा असा करायचा. 4 सेंमी लांब, दीड सेंमी रुंद पट्टी कापा. लांब बाजू आडवी धरा आणि वरच्या कडेचा मध्य नखाने खुणावा. त्या बिंदूपासून उजवं टोक खाली दुमडा, वरची कड मधल्या उभ्या रेषेवर आली पाहिजे. डावं टोकही तसंच. खाली शेपट्यांसारखे दोन तुकडे लोंबतात, ते कापा. हाती त्रिकोणी खिसा येतो: एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला मधोमध फट. फोटोचा कोपरा दोन थरांच्या मध्ये सरकवा, सपाट बाजू वर ठेवा, आणि फटीच्या बाजूला ग्लू स्टिक फिरवून पानावर दाबा. गोंद फटीतून आत जाता कामा नये, तेवढं एक सांभाळा. एका ए-4 कागदात असे 98 तुकडे बसतात. 60 फोटोंना 240 कोपरे लागतात, म्हणून 3 कागद. घरातल्या मुलांना कात्री देऊन बसवलं तर हे काम एका संध्याकाळीत होतं.

पानाची मांडणी सोपी ठेवा. 15 सेंमी रुंद आणि 10 सेंमी उंच असे दोन फोटो एकाखाली एक लावले की 20 सेंमी जातात. 29.7 सेंमी उंचीच्या पानावर सुमारे साडेनऊ सेंमी लिहायला उरतात. 60 फोटोंना 30 पानं, कागदांना 8, आणि 2 पानं वेगळ्या कामाला. त्यांच्याबद्दल पुढे.

पायरी 5: लिहिणं

‘धमाल दिवस’, ‘सुंदर आठवणी’ असं लिहिलेल्या पानातून पुढे कुणाला काहीच कळत नाही. फोटोखाली चार गोष्टी हव्यात: कोण, डावीकडून क्रमाने, पूर्ण नावानिशी, कुठे, कधी, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट. उदाहरणार्थ: ‘डावीकडून सुमनमावशी, आजी, निखिल. मावशीचं वाईचं घर, मागचं अंगण. 18 ऑक्टोबर. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती पहिल्यांदा पायऱ्या उतरून अंगणात आली तो दिवस.’ नुसतं ‘आजी’ लिहू नका. तीस वर्षांनी वही ज्याच्या हातात असेल त्याची आजी वेगळी असेल.

लिहायचं ते पानावर. हल्लीच्या प्रिंटच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला अक्षरं उठतात. पेन घेताना रद्दी कागदावर एक ओळ लिहा, मिनिटभर थांबा, ओलं बोट फिरवा. शाई पसरली तर ते पेन नको.

वेगळ्या दोन पानांपैकी एक ‘दर’ या नावाने ठेवा. त्या डिसेंबरमधला दुधाचा लिटरचा भाव, गॅसची टाकी, वडापाव, नेहमीच्या बसचं तिकीट, कांदे, विजेचं बिल, शाळेची फी, एक तोळा सोनं. तारीख आणि दुकानाची जागा लिहा. दहा वह्या झाल्या की हे पान सगळ्यात आधी उघडलं जातं. दुसरं पान ‘गाणी’ या नावाने. घरात कोण काय गुणगुणत होतं, रिक्षात काय वाजत होतं, आजोबांनी सकाळी लावलेला अभंग कुठला. गाण्याची आठवण ठेवायला एक ओळ लिहिली तरी भागतं. रेकॉर्डिंगमध्ये जागा माणसांना द्यायची.

पायरी 6: आवाज

चेहरा शंभर फोटोंत असतो, आवाज एकातही नसतो. म्हणून पाच रेकॉर्डिंग्ज ही या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. वेळ कमीच असेल तर वही सोडा, पण ही करा.

खोली झोपायची निवडा. गादी, पडदे, कपडे यांच्यामुळे आवाज घुमत नाही. पंखा, टीव्ही आणि मिक्सर बंद ठेवा, कुकरच्या वेळा टाळा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाही तर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. टेबलावर थेट ठेवू नका, प्रत्येक टकटक आत जाते. नॅपकिनची चार पदरी घडी करून त्यावर ठेवा, खालचं टोक बोलणाऱ्याकडे करून, कारण मुख्य माइक तिथे असतो. अंतर 25 ते 30 सेंमी. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. 2 मीटरवरचा फोन 25 सेंमीवर आणला तर 18 डेसिबल मिळतात, आणि खोलीतला बाकीचा गोंगाट तेवढाच राहतो. कुठल्याही अॅपने एवढा फरक पडत नाही.

रेकॉर्डिंग अॅपच्या सेटिंगमध्ये फाइलचा प्रकार एम-4-ए, दर्जा 128 केबीपीएस आणि मोनो (एकाच मार्गाचा आवाज) ठेवा. तासाला सुमारे 58 एमबी लागतात. डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या, मोठ्या फाइलच्या प्रकारात मोनोलाही तासाला 318 एमबी होतात, घरगुती बोलण्याला त्याची गरज नाही. आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून हेडफोनवर ऐका. मग तारीख, गाव आणि समोरच्या माणसाचं पूर्ण नाव मोठ्याने सांगून सुरुवात करा. एका बैठकीला 20 ते 25 मिनिटं पुरेत. आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगा, लपवून करू नका.

‘आजी, तुझ्या लहानपणाबद्दल सांग’ म्हटलं की ‘काय सांगायचं बाई, कष्टच होते’ एवढ्यावर गाडी थांबते. प्रश्न वस्तूचा विचारा. ‘आजी, त्या घरात चूल कुठल्या भिंतीला होती?’ ‘पाणी कुठून आणायचीस?’ ‘आजोबा, तुमचा पहिला पगार कुणाच्या हातात दिलात?’ मग थांबा. त्यांनी श्वास घेतला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, त्या शांततेनंतरच खरं बोलणं येतं.

पाचपैकी दोन रेकॉर्डिंग्ज अशा गप्पांची करा. तिसरं एखाद्या पदार्थाचं, करता करता बोलत: पुरण वाटताना, चकलीचा सोऱ्या दाबताना, गोव्यात असाल तर नाताळची दोदोल नावाची मिठाई ढवळताना. चौथं आईने किंवा आजीने स्वतः म्हटलेली ओवी, आरती, अंगाई. पाचवं घराचंच: सकाळी सात ते साडेसात फोन ओट्याजवळ तसाच ठेवून द्या. दुधाचं पातेलं, दाराची कडी, ‘डबा घेतलास का’ हे सगळं त्यात येतं.

व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटही गोळा करा. ‘पोचलास का रे, जेवलास का’ अशा दहा सेकंदांच्या नोट लोक रोज पुसतात. फोन बदलण्याआधी त्या चॅटमधून मीडियासकट बाहेर काढून फोल्डरमध्ये टाका. परदेशात असाल तर व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करण्यावर विसंबू नका, नेटवर्कने आवाज तुटतो. कॉल चालू असताना गावाकडच्या कुणाला तरी आजोबांजवळ दुसरा फोन ठेवून तिथेच रेकॉर्ड करायला सांगा आणि नंतर फाइल मागवा.

गाणं कुठे नडतं

सणांच्या गाण्यांबद्दल तक्रार केली की लोक म्हणतात, एवढं काय, सण आहे. पण आठवणी जपण्याच्या कामात या गाण्यांनी होणारं नुकसान भरून निघत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे.

बोलण्यातली व्यंजनं, ज्यांच्यामुळे शब्द कळतात, ती साधारण 1000 ते 4000 हर्ट्झ या पट्ट्यात असतात. गाणाऱ्याचा आवाज, हार्मोनियम, की-बोर्ड यांचाही मोठा भाग त्याच पट्ट्यात येतो. एकदा एकाच माइकमध्ये मिसळले की ते स्वच्छ वेगळे होत नाहीत. आवाज वेगळा करणारी अॅप्स आहेत, पण त्यांतून आलेलं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ गळतात. दुसरं म्हणजे फोन आवाजाची पातळी स्वतः ठरवतो. जवळ ढोल किंवा डीजेचा बास असेल तर तो माइकची संवेदनशीलता खाली खेचतो, त्याबरोबर माणसाचं बोलणंही खाली जातं. प्रत्येक ठेक्याला बोलणं दबून परत वर येतं ते यामुळे.

म्हणून घरच्या कार्यक्रमात, वाढदिवस असो की 31 डिसेंबरचं जेवण, स्पीकर चालवणाऱ्याला आधीच सांगा: केक कापताना, ओवाळताना, आजोबा चार शब्द बोलताना, अशा तीन वेळी गाणं पूर्ण बंद. ‘कमी’ म्हटलं तर कमी होत नाही. प्रत्येक वेळी दोन मिनिटं मिळाली तरी तेवढा आवाज कायमचा राहतो.

व्हिडिओवर गाणं चढवण्याचा मोहही टाळा. लोकप्रिय गाणं घातलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की हक्कदाराचा दावा येतो, फेसबुक-इन्स्टाग्रामवर कित्येकदा आवाजच बंद होतो, आणि गाण्याबरोबर आत्याचं बोलणंही जातं. जुनं गाणं म्हणजे मोकळं, असंही नाही. साइलेंट नाइट हे नाताळगीत 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायलं गेलं, त्याची चाल आज कुणाच्याही मालकीची नाही. पण एखाद्या गायकाने अलीकडे केलेलं त्याचं रेकॉर्डिंग मात्र हक्काखाली असतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं चालतो. वसईत किंवा गोव्यात घरोघरी नाताळची गाणी म्हणत मुलं येतात, त्यांचंच गाणं दारात रेकॉर्ड करा. त्यात चुकलेला सूर असेल, शेजारणीचं हसू असेल, ते ठेवण्यासारखं आहे. संगीत घालायचंच असेल तर सुरुवातीच्या नावापुरतं, आणि बोलण्याखाली असेल तर बोलण्यापेक्षा 20 डेसिबल खाली. मूळ क्लिप मात्र गाण्याशिवाय वेगळी ठेवाच.

रेकॉर्डिंगपलीकडेही ही गाणी नडतात. सणाच्या दिवसांत दुकानांत तीच तीच गाणी वाजतात, त्यांचा त्रास तिथे काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त होतो. 15 गाण्यांची यादी तासाभरात फिरते. 9 तासांच्या पाळीत प्रत्येक गाणं 9 वेळा, महिन्याच्या 25 दिवसांत 225 वेळा. गाणं ओळखीचं होईपर्यंत आवडत जातं, त्यापुढे तेच गाणं अंगावर येतं. दुकान तुमचं असेल तर निदान 90 गाण्यांची, सहा तासांची यादी करा, क्रम रोज बदला, आणि दुपारी दोन तास काहीच लावू नका.

सोसायटीतल्या आणि रस्त्यावरच्या स्पीकरसाठी ध्वनिप्रदूषण नियम, 2000 लागू आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 सणाच्या दिवशी रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस जिल्ह्यात आधी जाहीर होतात, तुमच्या जिल्ह्याची त्या वर्षीची यादी पाहून ठेवा. सवलत वेळेची असते, आवाजाची मर्यादा तशीच राहते: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. दिवाळी पहाट ठेवणाऱ्या मंडळांनीही हे ध्यानात घ्यावं, सहाच्या आधी उघड्यावर माइक लावता येत नाही. फोनवरचं डेसिबल अॅप प्रमाणित नसतं, ते पुरावा म्हणून नाही, अंदाजासाठी वापरा. आधी आयोजकांशी समोरासमोर बोला. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, तान्हं मूल किंवा आजारी माणूस असलेल्या घरांची बाजू सांगून स्पीकरचं तोंड कुठे असावं ते ठरवून घेता येतं, रात्री साडेअकराला भांडून काही होत नाही. तरीही ऐकलं नाही तर 112 वर तक्रार करा आणि तक्रारीची वेळ लिहून ठेवा.

पायरी 7: साठवण

फोल्डरच्या तीन प्रती हव्यात: एक संगणकावर किंवा फोनवर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. दुसरं घर म्हणजे बहिणीचं, मुलीचं किंवा क्लाउड. पेनड्राइव्ह ही हातोहात द्यायची वस्तू आहे, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्यातलं वाचता येईलच असं नाही. गूगलची 15 जीबी मोफत जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, 1 जून 2021 पासून फोटोंना वेगळी सूट नाही. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. गेलेल्या माणसाच्या खात्यातले फोटो त्यामुळे नकळत जाऊ शकतात. त्यांच्या फोनमधला ऐवज पहिल्या वर्षातच उतरवून घ्या.

वही झाकणाच्या डब्यात, आडवी, कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ती ओल धरते. डब्यात सिलिका जेलच्या 50 ग्रॅमच्या दोन पुड्या टाका. नारिंगी मणी हिरवट पडले की ओल भरली असं समजा आणि 110 ते 120 अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास वाळवा. निळे मणी टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. डांबरगोळ्या डब्यात नको. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, पुडीत बांधून. ओला पाला कसरीला आमंत्रणच देतो.

मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी डबा उघडा. पानं एकेक उलटा, करडे ठिपके दिसले तर मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका आणि ते पान पंख्याखाली दिवसभर उघडं ठेवा. त्याच दिवशी हार्ड डिस्क जोडा, कुठलेही तीन फोटो उघडा आणि आजीचं एक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐका. मध्येच अडलं तर दुसऱ्या घरची प्रत त्याच संध्याकाळी मागवून घ्या.